खंबीर मनालाही आजार होतो

तापाने फणफणलेल्या माणसाला 'मन खंबीर कर, ताप उतरेल' असे आपण सांगत नाही. मधुमेह जडलेल्याला 'तू फार विचार करतोस' असेही म्हणत नाही. परंतु घरातील एखादी व्यक्ती महिनोन् महिने रात्री तळमळत काढते, तिची अन्नावरची वासना उडते, हसतेखेळते माणूस दार लावून एकटे बसू लागते, तेव्हा मात्र आपल्या तोंडी पहिले वाक्य येते ते हेच. सांगणाऱ्याचा हेतू शुद्ध असतो, यात शंका नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनावर त्याचा एकच अर्थ उमटतो : मी दुबळा ठरलो, माझे संस्कार उणे पडले. आजाराने आधीच खचलेल्या मनावर अपराधाचे ओझे चढते आणि तो माणूस बोलणे थांबवतो. मानसिक आजारात हे बोलणे थांबणेच सर्वांत घातक असते.

मनोबल हा चारित्र्याचा गुण आहे. मानसिक आजार ही व्याधी आहे. या दोहोंची गल्लत सुशिक्षित, सुसंस्कृत म्हणविणाऱ्या घरांतही सर्रास होते. किंबहुना सामाजिक कार्याला वाहून घेतलेल्या कुटुंबांत ती अधिकच होते. कारण तेथे सोशिकता हे मूल्य आहे, स्वतःचे दुखणे न उगाळणे हा संस्कार आहे आणि 'माझे कसे होईल' यापेक्षा 'कामाचे कसे होईल' हा विचार आधी येतो. ही मूल्ये खरी आहेत आणि त्यांच्याच बळावर मोठी कामे उभी राहिली. परंतु ज्या सोशिकतेने माणूस संकटाला तोंड देतो, त्याच सोशिकतेने तो आपला आजारही लपवू लागला तर गुणाचाच दोष होतो. याचा विचार आपण आपल्या घरात, आपल्या शाखेत आणि आपल्या वस्तीत करायला हवा.

प्रश्न किती मोठा आहे? बंगळुरूच्या 'निम्हान्स' या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. पाहणीच्या वेळी १०.६ टक्के प्रौढांना कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले. म्हणजे दहा जणांमागे एक. त्याहून गंभीर आकडा पुढचा आहे. विकाराच्या प्रकारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेलेच नव्हते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पण गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड ही शेजारची राज्ये होती, आणि आपली घरे त्यांच्याहून फार निराळी असतील असे मानण्यास आधार नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात १,७०,९२४ जणांनी आत्महत्या केली. त्यांतील २२,७४६ जण महाराष्ट्रातील होते आणि ही संख्या सर्व राज्यांत सर्वाधिक होती. प्रत्येक आत्महत्येमागे मानसिक आजारच असतो असे नाही. कर्ज, कलह, व्यसन अशी अनेक कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. परंतु त्यांतील कितीतरी जणांना वेळीच उपचार आणि आधार मिळाला असता तर ते आज आपल्यात असते, हे नाकारता येणार नाही.

दुःख कोणते आणि आजार कोणता?

दुःख हे जीवनाचे अंग आहे. आप्ताचा वियोग झाला, परीक्षेत अपयश आले, नोकरी गेली, तर मन खिन्न होणारच. त्या खिन्नतेला आजार म्हणण्याचे कारण नाही आणि प्रत्येक अश्रूवर गोळी शोधणे हेही शहाणपणाचे नव्हे. मग आजार कधी म्हणायचे? तीव्रता, कालावधी आणि दैनंदिन व्यवहारावरील परिणाम या तीन गोष्टी पाहाव्यात. सलग दोन आठवडे किंवा अधिक काळ, दिवसाचा बराचसा वेळ मन उदास राहणे, पूर्वी ज्यात आनंद वाटे त्यात काहीच गोडी न उरणे, झोप आणि भूक बिघडणे, अंगात त्राण नसणे, लक्ष न लागणे, आपण निरुपयोगी आहोत, इतरांवर भार आहोत असे वाटणे आणि अधिक वाढल्यास मृत्यूचे विचार येणे, ही नैराश्याच्या आजाराची लक्षणे होत. सर्वच एकदम दिसतील असे नाही. आपल्याकडे पुष्कळदा मन दुखते असे कोणी म्हणतच नाही. अंग मोडून येते, डोके जड असते, छातीत धडधडते, पोट साफ होत नाही. तपासण्यांवर तपासण्या होतात, 'रिपोर्ट'मध्ये काही निघत नाही आणि घरचे म्हणतात, 'काही झालेले नाही, मनाचे खेळ आहेत.' मनाचेच असते ते. पण खेळ नसतो. थायरॉइडचा विकार किंवा 'ब-१२' जीवनसत्त्वाची कमतरता यांमुळेही अशी लक्षणे दिसू शकतात. म्हणून या शारीरिक तपासण्या आधी अवश्य कराव्यात; पण त्या स्वच्छ आल्या म्हणजे दुखणे खोटे ठरते असे नव्हे.

दुसरा मोठा गट चिंताविकारांचा. काहींना सतत कसली तरी अनामिक काळजी पोखरत असते. काहींना अचानक धाप लागते, छाती भरून येते, घाम फुटतो, आता प्राण जाणार असे वाटते. रात्री-अपरात्री रुग्णालय गाठले जाते, हृदयाचा आलेख व्यवस्थित येतो. असे चार-पाच वेळा घडले की माणूस लोकल गाडीत चढण्यास, सभेत बसण्यास, एकटे बाहेर पडण्यास भिऊ लागतो आणि त्याचे जग घराच्या चार भिंतींइतके आक्रसते. हा भीतीच्या झटक्यांचा आजार उपचारांना उत्तम प्रतिसाद देतो; पण बरेच रुग्ण केवळ हृदयाच्या तपासण्या करून घेण्यातच वर्षे घालवतात.

मंत्रचळाविषयी स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे, कारण आपल्या घरांत तो सहज लपतो. पुन्हा पुन्हा हात धुणे, कुलूप दहादा तपासणे, नको असलेला विचार मनात घुसून न निघणे असे त्याचे स्वरूप असते. सोवळ्याओवळ्याच्या घरात त्याला 'आमच्या वहिनी फार स्वच्छताप्रिय' असे कौतुकाचे नाव मिळते. एखाद्याच्या मनात देवघरात बसल्यावर अभद्र विचार येतात. तो आपल्याला महापापी समजतो आणि कोणाजवळ बोलत नाही. भेद ओळखण्याची एक खूण सांगता येईल. श्रद्धावान माणूस पूजेवरून उठतो तेव्हा त्याला शांती लाभलेली असते. मंत्रचळ जडलेला माणूस विधी पूर्ण करूनही अधिकच व्याकूळ असतो, कारण विधी कधी पूर्ण झालाच असे त्याला वाटत नाही. तो भक्तीचा अतिरेक नव्हे, आजार आहे.

बाळंतिणीचे रडणे 'बाळंतपणात असे होतेच' म्हणून सोडून देणे, घरातील वृद्धांचे गप्प होणे 'वय झाले' म्हणून सोडून देणे आणि दहावी-बारावीतील मुलाचे तुटक वागणे 'हल्लीची पिढी' म्हणून सोडून देणे, या तिन्ही सवयी मोडायला हव्यात. छिन्नमनस्कता आणि द्विध्रुवी विकार हे प्रमाणाने कमी. पण अधिक गंभीर आजार. नसलेले आवाज ऐकू येणे, अकारण तीव्र संशय किंवा झोपेची गरजच न उरता ओसंडून वाहणारा उत्साह आणि उधळपट्टी ही त्यांची लक्षणे बहुधा तरुण वयातच दिसू लागतात. येथे उपचारांना होणारा प्रत्येक महिन्याचा विलंब पुढची वाट अवघड करतो.

हे पश्चिमेचे खूळ आहे काय?

'हे सगळे पाश्चात्त्य जीवनशैलीचे देणे आहे' हे वाक्य आपल्या व्यासपीठांवरून नेहमी ऐकू येते. त्यात अर्धे सत्य आहे. विभक्त कुटुंबे, तुटलेला शेजार, स्पर्धेचा ताण, व्यसने आणि रात्रभर जागविणारे मोबाईलचे पडदे यांनी मनाचे ओझे वाढवले, हे खरे. पण ते पूर्ण सत्य नव्हे. पश्चिमेचा वारा लागण्यापूर्वी कितीतरी शतके चरकसंहितेत निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय लिहिले गेले आहेत. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार मानले आणि त्यांतील चारांची कारणमीमांसा दोषांच्या आधारे केली. इतकेच नव्हे, तर देव, गंधर्व, पिशाच वा राक्षस हे स्वस्थ माणसाला उगाच पीडा देत नाहीत, म्हणून त्यांना बोल लावू नये, असा स्पष्ट अभिप्राय निदानस्थानात दिला. चिकित्सेचे त्याने तीन मार्ग सांगितले : दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. यातील युक्तिव्यपाश्रय म्हणजे औषध-आहाराची योजना आणि सत्त्वावजय म्हणजे अहितकर विषयांपासून मनाला आवरणे. देवाची प्रार्थना, औषध आणि मनाचे उपचार ही एकमेकांची शत्रू नाहीत, हे ज्या परंपरेने ओळखले, तिचे वारस म्हणविणाऱ्यांनी 'आमच्या संस्कृतीत मानसिक आजार नव्हतेच' असे म्हणणे हे परंपरेचे अज्ञान होय.

सर्पगंधेची कथा या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९३१ मध्ये कोलकात्यातील गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीचा उन्मादावर आणि रक्तदाबावर होणारा परिणाम वैद्यकीय नियतकालिकातून मांडला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील यांनी रक्तदाबावरील तिचा उपयोग ब्रिटिश नियतकालिकात सप्रमाण दाखवला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील 'रेसर्पिन' हे द्रव्य वेगळे काढण्यात आले आणि त्या दशकात जगभरच्या मनोरुग्णालयांत ते वापरले गेले. पुढे दुष्परिणाम ध्यानात आले, अधिक चांगली औषधे निघाली आणि ते मागे पडले. यात सर्पगंधेचा अपमान नाही. परीक्षेला बसणे आणि परीक्षेचा निकाल मान्य करणे ही शास्त्राची रीत आहे. ज्या मानसोपचाराच्या उभारणीत आपल्या मातीतल्या मुळीचाही वाटा आहे, तो परका म्हणून दूर ठेवण्यात स्वदेशीचा अभिमान नाही.

उपदेशाची वेळ आणि उपचाराची वेळ

'गीता वाच, सर्व ठीक होईल' हाही असाच एक सद्हेतूने दिलेला सल्ला. गीता आपल्याला जीवनदृष्टी देते, याविषयी दुमत नाही. पण अर्जुनाचा विषाद आणि नैराश्याचा आजार या एकच गोष्टी नव्हेत. अर्जुनासमोर धर्मसंकट होते. आजारी माणसासमोर पुष्कळदा संकटच नसते, तरीही सकाळी उठून दात घासण्याचे बळ त्याच्यात उरलेले नसते. आणि गीतेकडेच पाहायचे तर पहिला अध्याय पुन्हा वाचावा. रथ दोन सैन्यांमध्ये उभा करून समोर जमलेल्या कौरवांकडे पाहण्यास सांगितल्यानंतर त्या अध्यायात भगवंत काही बोलतच नाहीत. अंगाला सुटलेला कंप, कोरडे पडलेले तोंड, हातातून गळणारे गांडीव हे सारे अर्जुन सांगतो आणि सारथी ऐकून घेतो. आपल्यातील बहुतेक उपदेशक पहिला अध्याय ओलांडून थेट दुसऱ्यावर उडी घेतात.

नामस्मरण, ध्यान, योगासने, सूर्यनमस्कार यांचा मनाला लाभ होतो. 'निम्हान्स'सारख्या संस्थेतही योगाचा वापर उपचारांना पूरक म्हणून केला जातो. 'पूरक' हा शब्द मात्र महत्त्वाचा. तीव्र आजारात, विशेषतः भास-भ्रम होत असताना, दीर्घ मौन किंवा कठोर ध्यानसाधना त्रास वाढवू शकते. म्हणून तेथे डॉक्टरांना विचारूनच पाऊल टाकावे. अंगारेधुपारे आणि मांत्रिक यांच्याविषयी तर अधिक सांगायला नको. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याच्या परिसरात चालणाऱ्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जिवंत जळाले. बरे होण्याच्या आशेने घरच्यांनीच त्यांना तेथे ठेवले होते. असे आश्रय सर्व धर्मांच्या स्थानांभोवती आढळतात. आपल्या देवस्थानांभोवती काय चालते, याकडे आपणही डोळे उघडून पाहिले पाहिजे.

उपचार म्हणजे नेमके काय?

प्रारंभ घरच्या डॉक्टरांपासून करावा. ते आवश्यक तपासण्या करून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. मानसोपचारतज्ज्ञ हे वैद्यकीय पदवीधर डॉक्टर असतात आणि औषधे देतात. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक संवादाच्या शास्त्रीय पद्धतींनी उपचार करतात. सौम्य आजारात केवळ संवादोपचार पुरेसे ठरू शकतात. मध्यम व तीव्र आजारात बहुधा दोन्ही लागतात. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडके यांनी मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये उभी केलेली मानसिक आरोग्याची संस्था आज मराठी घरांना परिचित आहे. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, आणि जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराचा बाह्यरुग्ण विभागही असतो. तेथे जाणे म्हणजे 'वेड्यांच्या इस्पितळात' जाणे नव्हे.

औषधांविषयी सर्वाधिक गैरसमज आहेत. नैराश्यावरील गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात काम करीत नाहीत. परिणाम दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. आठ दिवसांत 'गुण नाही' म्हणून त्या सोडून देणे ही पहिली चूक. बरे वाटताच स्वतःच्या मनाने एकदम बंद करणे ही दुसरी. लक्षणे गेल्यानंतरही सामान्यतः किमान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते आणि ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी केले जाते. या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही. झोपेच्या व शामक गोळ्यांपैकी काहींची सवय लागू शकते. म्हणून त्या शेजाऱ्याच्या किंवा औषधविक्रेत्याच्या सांगण्यावरून कधीही घेऊ नयेत. विद्युत-उपचारांविषयी चित्रपटांनी निर्माण केलेले भयही निराधार आहे. हा उपचार आज भूल देऊन केला जातो आणि भूल न देता तो करण्यास कायद्याने बंदी आहे. दोन-तीन आठवड्यांनी डॉक्टर भेटीला बोलावतात, तेव्हा 'काय काय दुष्परिणाम जाणवले' हे मोकळेपणाने सांगावे. औषध बदलता येते.

कुटुंब : आपले बळ आणि आपली उणीव

१९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयाचे प्रमुख डॉ. विद्यासागर यांनी एक अभिनव प्रयोग केला. त्यांनी रुग्णांच्या नातलगांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून राहू दिले आणि उपचारांत सहभागी करून घेतले. रुग्ण लवकर सावरू लागले, घरी परत जाऊ लागले आणि आप्तांच्या मनातील भीतीही ओसरली. पश्चिमेत रुग्णाला घरापासून दूर नेऊन वर्षानुवर्षे कोंडण्याची पद्धत रूढ असताना भारताने कुटुंबालाच उपचाराचा भाग बनवले. कुटुंबव्यवस्थेचा अभिमान आपण बाळगतो, त्या अभिमानाला असे ठोस कारण आहे.

परंतु हेच कुटुंब 'लोक काय म्हणतील' या भीतीने आजाराचे कवचही बनते. दुसऱ्या गावच्या डॉक्टरांकडे गुपचूप जाणे, गोळ्यांची वेष्टने लपवणे, पाहुणे आले की रुग्णाला आतल्या खोलीत बसवणे हे आपल्याच घरांत घडते. आणि त्याहून मोठा अपराध म्हणजे 'लग्न केले की ताळ्यावर येईल' म्हणून आजार लपवून केलेले विवाह. विवाह हा संस्कार आहे, औषध नव्हे. लपवून केलेल्या अशा लग्नात दोन घरे होरपळतात, औषधे सासरी कळू नयेत म्हणून बंद केली जातात आणि आजार उसळी घेतो. उपचार घेऊन स्थिरावलेली व्यक्ती सुखाचा संसार करू शकते. अट एवढीच की दोन्ही बाजूंना सत्य ठाऊक असावे. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या २००४ च्या 'देवराई' या चित्रपटाने छिन्नमनस्कतेचे, तर २०१६ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळवणाऱ्या 'कासव'ने नैराश्याचे चित्रण केले. कुटुंबाने एकत्र बसून पाहावेत आणि पाहून झाल्यावर बोलावे, असे हे चित्रपट आहेत.

कार्यकर्त्याचे काम

लाख लोकसंख्येमागे एकही मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या देशात केवळ डॉक्टरांच्या भरवशावर हा प्रश्न सुटणार नाही. येथेच सामान्य कार्यकर्त्याचे स्थान येते. ही नुसती भावनिक कल्पना नव्हे. गोव्यात 'संगाथ' संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये एक प्रयोग केला. डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक समुपदेशकांनी तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांशी सहा ते आठ भेटींत ठरावीक पद्धतीने काम केले. दिवसाचा क्रम पुन्हा बसवणे, लहानलहान कृती ठरवणे, माणसांशी तुटलेला संबंध जोडणे हा त्या पद्धतीचा गाभा होता. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के रुग्ण आजारातून बाहेर आले होते. केवळ नेहमीची देखभाल मिळालेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. आपल्या अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत झालेल्या 'विश्राम' प्रकल्पात गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी घरोघरी संपर्क केला. दीड वर्षात नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. नियमित दिनक्रम, कृती आणि संपर्क या तीन गोष्टी आपल्या कार्यपद्धतीला नव्या नाहीत. नवे आहे ते प्रशिक्षण, आणि आपली मर्यादा ओळखून योग्य वेळी रुग्णाला तज्ज्ञाकडे सोपवण्याची शिस्त.

गटनायकाजवळ आपल्या गटातील स्वयंसेवकांची यादी असते. त्या यादीतील एखादा सहा आठवडे दिसला नाही, तर 'शिथिल झाला' असा शेरा मारून आपण पुढे जातो. तो शिथिल झाला की आजारी पडला, हे घरी गेल्याशिवाय कळत नाही. घरी गेल्यावर कार्यक्रमाचे निमंत्रण देऊ नये. 'कसा आहेस, झोप लागते का' एवढे विचारावे आणि ऐकावे. मृत्यूचे विचार येतात का, हेही शांतपणे थेट विचारावे. असे विचारल्याने माणसाच्या मनात तो विचार पेरला जातो, हा समज चुकीचा आहे. उलट कोणीतरी विचारले याने त्याचे ओझे हलके होते. उत्तर होकारार्थी आले तर त्याला एकटे सोडू नये, घरच्यांना विश्वासात घ्यावे आणि त्याच दिवशी वैद्यकीय मदत मिळवावी. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या 'टेली-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध असतो आणि मराठीतही बोलता येते. तो प्रत्येक कार्यालयाच्या आणि सोसायटीच्या फलकावर लागला पाहिजे. समितीच्या भगिनींनी बाळंतिणींच्या आणि एकाकी वृद्धांच्या भेटी हे काम हाती घेतले तर ते अधिक नेमकेपणाने होईल. आणि एक पथ्य सर्वांसाठी : ऐकलेले बैठकीत चर्चेला येता कामा नये. ज्या कार्यकर्त्याच्या पोटात गोष्ट राहत नाही, त्याने या कामात पडू नये.

कार्यकर्त्याचे स्वतःचे मन हाही या विषयाचाच भाग आहे. अखंड प्रवास, अपुरी झोप, घरच्या जबाबदाऱ्यांची टोचणी आणि सतत प्रसन्न दिसण्याची सवय यांचा भार कोणावरही पडू शकतो. ज्येष्ठ कार्यकर्त्याने 'मी उपचार घेतले आणि बरा झालो' असे एकदा मोकळेपणाने सांगितले, तर दहा व्याख्यानांनी होणार नाही इतके काम होईल.

असे सांगण्याला धैर्य लागते, आणि असे धैर्य आपण पाहिलेले आहे. स्वतः कुष्ठरोगाने पीडित असलेले स्वयंसेवक सदाशिवराव कात्रे यांनी १९६२ मध्ये चांपा येथे भारतीय कुष्ठ निवारक संघाची स्थापना केली. पुढे अमरावती जिल्ह्यातून गेलेल्या दामोदर गणेश बापट यांनी त्याच कामात आयुष्य वेचले आणि २०१८ मध्ये त्यांना पद्मश्रीने गौरविण्यात आले. त्या काळी कुष्ठरोग हे पूर्वजन्मीचे पाप मानले जाई, रुग्णाला घराबाहेर काढले जाई, त्या घरात सोयरीक होत नसे. आज तो ठरावीक काळ औषधे घेऊन बरा होणारा रोग आहे. मानसिक आजाराभोवतीचा कलंक याच जातीचा आहे आणि तो पुसण्याचे कामही त्याच रीतीने, रुग्णाच्या शेजारी बसून करावे लागेल.

कायद्याने आपले पाऊल टाकले आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू आहे. त्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला, रुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी घातली आणि विमा कंपन्यांना मानसिक आजारालाही शारीरिक आजाराप्रमाणे संरक्षण देणे बंधनकारक केले. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे हा कायदा गृहीत धरतो, आणि जुन्या दंडसंहितेतील त्यासंबंधीचे कलम ३०९ हे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेले नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ पासून आहे. आपल्या जिल्ह्यात त्याचे डॉक्टर कोणत्या दिवशी, कोठे बसतात, औषधे मिळतात की नाही, याची चौकशी करणे आणि उणीव असेल तर पाठपुरावा करणे हे स्थानिक कार्यकर्त्यांचेच काम आहे.

समाज संघटित करणे याचा अर्थ केवळ उभे असलेल्यांना ओळीत आणणे असा नाही. जो ओळीतून गळाला, ज्याला उठून उभे राहणे आज जमत नाही, त्याच्या दारापर्यंत चालत जाणे हाही संघटनेचाच भाग आहे. या आठवड्यात आपल्या परिचयातील एका तरी माणसाच्या घरी जावे, जो अलीकडे कोठे दिसत नाही. गरज वाटली तर त्याला दवाखान्यात न्यावे, आणि तपासणी होईपर्यंत बाहेरच्या बाकावर त्याच्यासोबत बसावे.